सरिताचा पाय

लकडगंजच्या चौकात भर उन्हात सरिताच्या हातात गाडी बंद पडली. नवरा आनंदराव स्कूटरने पोचेपर्यंत इंजिन निवलं होतं, म्हणून त्यांनी किल्ली फिरवताच ते सुरू झालं. तेवढ्यावर त्यांनी निकाल दिला, "गाडी ठणठणीत हाय, क्लचवरचा पाय कच्चा हाय." मग प्रत्येक लग्नात हा किस्सा रंगला, आणि पन्नाशीत हौसेनं शिकलेल्या सरितानं स्टिअरिंगला हात लावणं सोडलं.

परवा मात्र गाडी खुद्द आनंदरावांच्या हातात बंद पडली. क्रँक, म्हणजे इंजिनातला फिरता दांडा, कुठवर फिरला हे इंजिनाला सांगणारा सेन्सर तापला की मुका होत होता आणि इंजिन थांबत होतं. आज अंगणात त्यांनी एक बोल्ट सोडून तो उपसला, नव्या सेन्सरच्या रबरी कड्याला तेलाचं बोट लावलं आणि बसवला.

"बस वं, चालवून पाय." 'पाहा'ला त्यांच्या तोंडी 'पाय'च यायचं, आज ते त्यांनाच टोचलं.

सरिता बसली, पण किल्ली फिरवेना. "काहो, त्या दिवशी काय बिघडलं होतं?"

"सेन्सर."

"अन् माझा पाय?"

आनंदराव हात पुसायला फडकं शोधू लागले. ते हातातच होतं. "पायाचं काही नव्हतं."

"मले काहून सांगून राहिले? ज्याइले हसवलं त्याइले सांगा."

आनंदरावांनी मेव्हण्याला फोन लावला. सगळ्यात जास्त तोच हसला होता. पलीकडे घंटी वाजू लागली, तशी सरितानं नीट ऐकू यावं म्हणून काच खाली केली.