मेंदीआधीचं न्हाणं

फातिमानं शेवटचा तांब्या डोक्यावर ओतला आणि एक बट दोन बोटांत धरून ओढून पाहिली. बट करकरली. तेलाचा अंशही उरला नव्हता. सलग तिसरा दिवस ती रिठ्यानं न्हात होती. डोळे चुरचुरत होते, मान आखडली होती, पण नणंदेनं सांगितलेलं तिनं तंतोतंत पाळलं होतं.

“तेलकट केसांवर मेंदी चढत नाय, भाभी,” इशरत जाताना म्हणाली होती. “तीन दिवस रिठ्यानं न्हा. आणि भायेर फिरू नको, धूळ बसली की सगळी मेहनत फुकट. मी नाटे गावाला खालाकडे जाते. थयची मेंदी चांगली रंगते. मी येऊनच लावीन.”

चार वर्षांनी हुसेन येत्या शुक्रवारी बोटीवरून घरी यायचा होता. एवढ्या काळात फातिमाचं अर्धं डोकं पिकलं होतं, आणि वय तरी काय, चौतीस. नवऱ्यानं उंबऱ्यात थबकून आपल्याकडे अनोळखी नजरेनं पाहू नये, एवढीच तिला धास्ती होती. ती तिनं एकट्या इशरतजवळ बोलून दाखवली होती. इशरत पाच वर्षांची असल्यापासून तिची वेणी फातिमानंच घातलेली.

परसात उन्हाला पाठ करून ती केस वाळवत बसली, तोच इशरत आली. तिनं पायरीवर पुरचुंडी ठेवली. फातिमानं गाठ सोडून वास घेतला. हिरवी, कोरडी भुकटी. लोखंडी कढई तिनं सकाळीच घासून ठेवली होती, चहाचं पाणीही उकळून गार केलं होतं.

“बस, आधी पाणी पी. मग भिजव.”

इशरतनं हात पुढं केला. बोटं टोकांपासून दुसऱ्या पेरापर्यंत लाल होती, नखंसुद्धा. तळहात मात्र कोरा. दुसरीला मेंदी लावणाऱ्या बाईचा हात असाच होतो.

“कोणाला लावलीस?”

“खालाच्या शेजारी… एक लगीन होता.”

“कोणाचा?”

इशरतनं पाणी न पिताच भांडं खाली ठेवलं.

“कोणाचा, इशरत?”

“भाईचा,” ती हळूच म्हणाली. “बोट रविवारीच जैतापूरला लागली. खाला, मामू, सगळी होती निकाहला. तुला कळला तर तू येशील, म्हणून… भाईनी कसम घातली, ‘फातिमाला घरात गुंतवून ठेव’ म्हणाले.”

फातिमानं ओले केस मुठीत धरले. तीन दिवस! रिठे फोडताना, फेस डोळ्यांत जाताना खुळ्यासारखी ती शुक्रवार मोजत बसली होती. संताप नवऱ्याचा यायला हवा होता. आला तो समोरच्या पोरीचा. हुसेन चार वर्षं नव्हताच. ही रोज होती.

“शुक्रवारी दोघा येतील,” इशरत म्हणाली. “तुला काय कमी पडू देणार नाय, म्हणाले भाई. मेंदी लावू ना?”

फातिमानं पुरचुंडीची गाठ पुन्हा बांधली. घट्ट बांधली.

“तिलाही तूच लावलीस. केसांना पण?”

“नाय, हातापायांनाच.” इशरतनं नजर वर केली नाही. “तिचे केस काळेच हायेत, भाभी.”