दुसरी खाच

"उमेदवाराने घरी जोडलेल्या संगणकात विसंगत रॅम बसवल्यामुळे बोर्ड जळाला, सबब उमेदवार साहाय्यक निदेशक पदास अपात्र." लिपिक शीलाने अहवाल वाचला आणि कागद पालथा ठेवला.

वाक्य निर्दोष होते. अडचण एवढीच, की त्यात सांगितलेले घडणे शक्य नव्हते. रॅम बनवणाऱ्या कारखान्याने माणसाच्या आत्मविश्वासावर कधीच भिस्त ठेवलेली नाही. म्हणून प्रत्येक पिढीच्या रॅमची खाच वेगळ्या जागी असते. जुनी रॅम नव्या बोर्डात शिरतच नाही. त्या संगणकातून काढून टेबलावर ठेवलेल्या जळक्या रॅमला मात्र दोन खाचा होत्या. एक सरळ, गुळगुळीत. दुसरी खरखरीत, दातेरी.

उमेदवार होती आर्णीची प्रियंका. तिने बोर्डाला चालणाऱ्या रॅमची यादी तीन आठवडे पडताळून एकाच खोक्यातली जोडी निवडली होती. महिनाभर घरी चालवलेला संगणक सोमवारी लोहाऱ्याच्या या प्रशिक्षण केंद्रात तपासणीला आणून ठेवला होता. पुढच्या वर्षी तिचे वय नियमाबाहेर जाणार होते.

"कंपनी एकच खाच देते, सर," ती म्हणाली.

"मग दुसरी तूच घासली असशील, पोरी." अहवालाखाली सही करणारे वामनराव हसले. "तुमच्या आर्णीत चालते असं सगळं."

"माह्या घरी कानस नाही."

प्राचार्या विमलताईंनी हात वर केला. दोघेही थांबले.

प्रियंकाने पिशवीतून एक जुनी रॅम काढली आणि केंद्रातल्या सरावाच्या नव्या बोर्डाशेजारी ठेवली. "तुमीच बसवून दाखवा न, सर. मले जमलं म्हणता, तं तुमाले काहून नाही जमणार?"

"त्यात काय!"

संगणक विभाग अंगावर येण्यापूर्वी वामनरावांनी तीस वर्षे फिटरचा वर्ग शिकवला होता. त्यांनी रॅम दाबली. बोर्ड वाकला. अंगठे पांढरे पडले.

"कायले अडून राह्यली ही?" ते पुटपुटले, आणि मान वर न करता त्यांच्या डाव्या हाताने टेबलाचा खण उघडून बारीक तिकोनी कानस बाहेर काढली.

कानस हवेत थांबली.

"माह्या दोन्ही रॅम कुठं आहेत, सर?"

वामनरावांची नजर कोपऱ्यातल्या कार्यालयीन संगणकाकडे गेली. हा अहवाल त्याच्यावरच टंकलेला होता. त्या आठवड्यात तो प्रथमच न अडखळता चालला होता.

"शीला," विमलताई म्हणाल्या, "लिहून घ्या. बोलतील तसंच."

शीला त्याच संगणकासमोर बसली. वामनराव सांगत गेले, तिने एकही शब्द सुधारला नाही:

"पोरीच्या दोन्ही रॅम मीच काढल्या. हापिसचा संगणक लय अडकत होता. चार दिवसांत परत टाकणारच होतो. जागा रिकामी दिसू नये म्हून भंगारातली टाकली. बसत नव्हती, तं घासली. चालू करून पाह्यलं, तं बोर्ड जळाला. मंग नाव कोणाचं लिहावं, याचा मले विचार करा लागला नाही. ते फारमवर होतंच."