ओढा मजेत आहे

हेस्टर ॲक्रॉइडने पुलावरून खाली ओढ्यात पाहिलं. पुलाच्या खांबावरची पुराच्या इशाऱ्याची पिवळी रेघ पाण्याखाली गेली होती. पिवळी गेली की तासाभरात थॉर्नबेकच्या खालच्या आळीत पाणी शिरतं. चौदा वर्षं गावाचा ब्लॉग चालवणाऱ्या बाईला हे सांगायला लागत नाही. रोज सकाळी रेघ बघायची आणि घरी येऊन दोन ओळी लिहायच्या, हा तिचा नेम. त्या ओळी वाचायच्या नादात बाकीच्यांची ओढ्याकडे बघायची सवयच मोडली.

लिहायची तरी काय? या यॉर्कशरच्या खोऱ्यात बोभाटा म्हणजे लाज. घर वाहून गेलं तरी हे लोक "जरा ओल आली" म्हणतील. हेस्टरने एकदा घाबरून "घरं सोडा" असं लिहिलं, पाणी काही आलं नाही, आणि पबमध्ये वर्षभर तिची टिंगल झाली. तेव्हापासून ती फार तर "थोडं पाणी आहे" एवढंच लिहायची. गाव काय ते समजायचं आणि गालिचे माडीवर न्यायचं.

मार्चमध्ये तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. गावोगावचे ब्लॉग गोळा करणारी शहरातली एक कंपनी म्हणाली, "तुमच्या जुन्या नोंदी वाचून आमचं यंत्र हुबेहूब तुमच्यासारखं लिहील. तुम्ही निवांत पडा." तिने सही केली. गुडघा बरा झाल्यावर लिहायला बसली, तर पासवर्डच चालेना. पत्रांना गोड उत्तरं आली, ब्लॉग काही परत मिळाला नाही. यंत्र तिच्या नावाने हरवलेली मांजरं, केकची विक्री, ओढा, सगळं लिहीत राहिलं. गावात कुणाला फरकही कळला नाही, हे तिला फार लागलं. पण सही करून बसले हे सांगायचं कुठल्या तोंडाने? म्हणून ती गप्प बसली, आणि तिथेच चुकली.

आज बुधवार, म्हणजे ओढ्याकाठच्या चर्चच्या हॉलमध्ये म्हाताऱ्यांचं जेवण. तिची थोरली बहीण मेव्हिस चाकाच्या खुर्चीत तिथेच बसलेली. हेस्टर लंगडत आत शिरली आणि ओरडली, "उठा सगळे! पिवळी रेघ गेली!"

सूप वाढणारा डेरिक हसला. हा पूर्वी बस चालवायचा. "काय गं, सकाळी तर लिहिलंस, ओढा शहाण्यासारखा वाहतोय म्हणून!"

"ते मी नाही लिहिलं!"

"मग काय तुझ्या भुताने?"

"यंत्राने! मार्चपासून तेच लिहितंय. मी सही दिली, माझी अक्कल चरायला गेली होती!"

"गुडघ्याच्या गोळ्या डोक्यात गेल्यात हिच्या," मेव्हिस म्हणाली. "बस, सूप घे."

तेवढ्यात डेरिकचा फोन वाजला, ब्लॉगवर नवी नोंद आली होती. त्याने सवयीने मोठ्याने वाचलं. "आत्ताच पुलावर जाऊन आले. ओढा मजेत आहे. पोटभर जेवा. हेस्टर."

हेस्टर समोर उभी होती, कोटातून पाणी ठिबकत होतं. डेरिकने मागचं दार उघडलं, तर तपकिरी पाणी पायरीवर आलेलं. मग मात्र धावपळ उडाली. त्याने मदतीसाठी फोन केला. पलीकडून चाळीस मिनिटं लागतील असं सांगितलं.

मेव्हिसने बहिणीचा हात घट्ट धरला. "अगं, खालच्या आळीतली माणसं! ब्लॉगवर टाक ना पटकन!"

"नाही गं टाकता येत," हेस्टर म्हणाली आणि रडायलाच लागली.

डेरिक म्हाताऱ्यांना टेकडीवर न्यायला लागला. हेस्टर डोळे पुसत खालच्या आळीत धावली, जमेल तसं. पहिलं दार फर्न ओल्ड्रॉइडचं. फर्नच्या कडेवर तान्हं मूल होतं.

"फर्न, बाळाला घे आणि टेकडीवर चल. पाणी येतंय. ब्लॉगवरचं खोटं आहे, ते मी लिहिलेलंच नाही!"

फर्नने फोन पाहिला, मग हेस्टरचा रडवेला चेहरा पाहिला. म्हाताऱ्या माणसांशी बोलतात तशा हळू आवाजात ती म्हणाली, "आत ये हं, बस जरा. मेव्हिसला फोन लावू का?"

गटाराच्या जाळीतून पाणी वर यायला लागलं होतं. आळीत दीडशे घरं होती, आणि हे पहिलंच दार होतं.