बिनशपथेचं मत

हौसा केरूला कुशीवर वळवत होती. अर्धं अंग लुळं पडल्यापासून त्याला असं सारखं वळवावं लागायचं, नाहीतर पाठ सोलून निघायची. चुलीवर पेज रटरटत होती. एवढ्यात गावकीचा माणूस बोळातून ओरडत गेला, "देवळात बसायचंय हो, घरटी एक मानूस."

"जातंस?" केरूनं अर्ध्या तोंडानं विचारलं.

"जाते नि येते."

"नारळावर हात ठेवनार?"

"पेज गार होते, पी आधी."

गडबच्या पलीकडं, खाडीच्या तोंडाशी हे मिठागरवाल्यांचं गाव. रस्ता नाही, बांधावरून चालत जायचं. जिल्हा परिषदेची निवडणूक इथं मतदानाच्या दिवशी व्हायचीच नाही. ती आधीच बापदेवाच्या देवळात उरकायची. गावकी उमेदवार ठरवणार, घरटी एक माणूस नारळावर हात ठेवून बापदेवाची शपथ घेणार, आणि मतदानाच्या दिवशी लोक नुसती बोटाला शाई लावून घ्यायला जाणार. गेली दोन वर्षं देवळावर नवे पत्रे होते. ह्या खेपेला गावकीनं ठरवलेले उमेदवार, कमळाकर शेठ, यांनी दिले होते. पत्र्यावर शेठचं नाव एवढं मोठं रंगवलं होतं की बापदेवानं आभाळातून खाली पाहिलं असतं, तर हे देऊळ शेठचंच, असं समजून तो परत गेला असता.

हौसा आणि केरू ख्रिस्ती झाले त्याला बरीच वर्षं झाली होती. केरू रोह्याला कंपनीत कंत्राटावर होता तेव्हा तिथल्या चर्चच्या मंडळीत जायला लागला आणि मागोमाग हौसाही. गावानं तेव्हा काही मनावर घेतलं नाही. केरूनं देव बदलला होता, पण देवळाची वर्गणी चुकवली नव्हती. गावाचं भांडण देवाशी नसतंच, वर्गणीशी असतं.

मंडळीत हौसा वाचायला शिकली आणि येशूची एक शिकवण तिच्या मनात घट्ट बसली. शपथ घ्यायचीच नाही. देवाची नाही, धरणीची नाही, स्वतःच्या डोक्याचीसुद्धा नाही. होय तर होय म्हणायचं, नाही तर नाही. हौसाला हे एकदम पटलं होतं. गावात जो तो खोटं बोलायच्या आधीच शपथ घ्यायचा, हे तिनं लहानपणापासून पाहिलं होतं.

देवळात एकेकाचा हात नारळावर पडत होता. तिची पाळी आली तशी ती म्हणाली, "जनूदादा, मी शपथ घेत नाय. कसलीच नाय."

जनू पाटील गावकीचा पंच. त्यानं ह्याची तयारी करूनच ठेवली होती. "हौसा, गावकी काय कुनावर जबरदस्ती करीत नाय. तुज्या देवाची घे. तुमचं पुस्तक पन आनलंय."

लाल फडक्यात बांधलेलं जाड पुस्तक पुढं आलं. कुणीतरी त्याला कुंकूही लावलं होतं. पुढं बसलेल्या म्हाताऱ्यांनी, उगाच कशाला कुठल्या देवाशी वाकडं, म्हणून त्याच्यावर डोकी टेकली. हौसानं फडकं सोडलं.

"जनूदादा, हे टेलिफोनचं पुस्तक हाय."

"कशावरनं?"

हौसा वाचायला लागली. "पाटील अनंत. पाटील अर्जुन. पाटील आत्माराम." तिनं पान उलटलं. "अजून पाटीलच चाललेत."

झालं होतं असं, की जनूनं एकाला वडखळच्या नाक्यावर पिटाळलं होतं. तिथल्या फोनच्या बूथवाल्याकडं त्यानं ख्रिश्चनांचं जाड पुस्तक मागितलं आणि बूथवाल्यानं त्याच्याकडचं सगळ्यांत जाड होतं ते दिलं.

"आमचं नाव हाय का बघ गो," मागून कुणीतरी म्हणालं.

पहिल्यांदा खांबाआडच्या बायका हसल्या, मग पोरं, मग डोकी टेकलेले म्हातारेसुद्धा. एकटा जनू हसला नाही. त्याचे कान लाल झाले होते.

"मत कुनाला देनार ते तोंडानं सांग," तो म्हणाला.

"अजून ठरलं नाय. ठरलं का पेटीत टाकीन."

"म्हनजे शेठला नाय."

"तसं पन बोलले नाय मी."

हे खरंच होतं. तिचं काहीच ठरलं नव्हतं. लोक हसले नसते तर कदाचित तेवढ्यावर भागलंही असतं. पण पंचाला हसलेलं गाव पंचानं सोडून द्यायचं, तर पंच कशाला व्हायचं? आणि सगळ्या गावाला शिक्षा करता येत नाही. केरूचं घर वाळीत पडलं.

वाळीत टाकायला काही लागत नाही. मारावं लागत नाही, शिवी द्यावी लागत नाही. नुसतं गप्प बसायचं. दुकानदार गप्प बसला, गिरणीवाला गप्प बसला, मिठागराच्या मुकादमानं हाक मारणं सोडलं. नळावर हौसाची कळशी आली की बायका नळ सोडून मागं सरायच्या, आणि ती गेल्यावर तोटी घासून घ्यायच्या. बोलेल त्याला दंड.

शेजारची बायजाबाई मायाळू आणि चतुर. ती आपल्या कोंबडीशी बोलायला लागली. "काय गो कोंबडे, तुज्या नवऱ्याचा ताप उतरला का? मागल्या दारी वाटीभर पीठ ठेवलंय, खा." हौसा पलीकडून ऐकायची आणि पीठ न्यायची. चार दिवस बरं चाललं. मग ते गावकीच्या कानावर गेलं आणि देवळात दुपारभर चर्चा झाली, की कोंबडीशी बोलणं हे बोलणं धरायचं की नाही. शेवटी ठरलं, धरायचं. पंचांच्या समोर बायजाबाईला ती कोंबडी कापावी लागली, आणि रस्सा पंचांनी खाल्ला.

रविवारी हौसा रोह्याला गेली. मंडळीचे धर्मगुरू, पाळक शांतवन यांनीच कधीतरी शपथेवर प्रवचन दिलं होतं. ते काही तरी करतील, असं तिला वाटलं. मंडळीत नव्या प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या होत्या. हौसा बसली तेव्हा पाठीला काही खरखरलं, म्हणून वळून पाहिलं. खुर्चीच्या पाठीवर कमळाकर शेठ यांचं नाव होतं.

"अगं, नारळ म्हणजे काय, फळच ते," पाळक म्हणाले. "हात ठेव आणि मनात प्रार्थना कर. प्रभू अंतःकरण बघतो."

"पाळक, तुमीच सांगितलं होतं, होय तर होय."

"ते शास्त्राच्या जागी ठीक आहे. आपण मूठभर माणसं. आणि मतदान शेठलाच करायचं, असं आपलंही ठरलंय."

"कुनी ठरवलं?"

पाळकांनी डोळे मिटले आणि तिच्यासाठी लांबलचक प्रार्थना केली. साऱ्या मंडळीनं मोठ्यानं आमेन म्हटलं. नंतर चहा झाला. गावात येतो, असं मात्र कुणीच म्हणालं नाही.

मतदानाच्या आधी पेणच्या मालतीबाई प्रचाराला आल्या. निवृत्त शिक्षिका, बिनपक्षाच्या उमेदवार. चपला हातात घेऊन बांधावरून चिखलातून आल्या. गावात कुणी दार उघडेना, तेव्हा हौसाच्या ओटीवर येऊन बसल्या. हौसानं विचारलं, "बाई, रस्ता करून देनार का?"

"मला एकटीला जमायचं नाही," मालतीबाई म्हणाल्या. "मागत राहीन. पण होईलच, असं खोटं सांगत नाही."

त्या गेल्यावर केरू अर्ध्या तोंडानं हसला. "नाय बोलनारी पैलीच उमेदवार बगितली."

हौसाचं ठरलं. सोपं होतं ते. ज्याचं नाही हे नाही असतं, त्याच्याच होयवर भरवसा ठेवायचा. मतदानाच्या दिवशी तिनं शिक्का मारला आणि घरी येऊन केरूला कुशीवर वळवलं.

शेठ निवडून आले, त्यांना काय धाड भरलीय? पण गावच्या पेटीत मालतीबाईंना अकरा मतं निघाली आणि देवळात हलकल्लोळ माजला. हौसाचं एक. बाकीची दहा? सगळ्यांनी तर नारळावर हात ठेवला होता. बापदेवाची शपथ मोडणारे दहा जण गावात आहेत, हे मान्य करायची कुणाची छाती होईना. म्हणून गावकीनं सरळ हिशोब केला. अकराच्या अकरा शिक्के हौसानंच मारले.

पंधरवड्यानं केरूला दुसरा झटका आला. चांगलं उजाडल्यावर, न्याहारीच्या वेळेला. डॉक्टर पेणला, बांधापलीकडं. आजारी माणूस न्यायची डोली गावकीची, आणि उचलायला चार खांदे लागतात. हौसा दारोदार गेली. ओटीवर बसलेली माणसं उठून आत गेली. तिनं मोजून दहा माणसं मागितली नव्हती. दहांतली चार बाहेर आली असती, तरी झालं असतं. ती कोण, हे तिला ठाऊक नव्हतं. त्यांना स्वतःला ठाऊक होतं.

तिनं केरूला मीठ ओढायच्या फळीवर बांधलं आणि दोरी खांद्याला लावली. अर्ध्या बांधावर केरू गेला. तिनं फळी वळवली आणि त्याला घरी आणलं.

जनू अंगणात उभा होता. वाळीत पडल्यापासून पहिल्यांदाच तो तिच्याशी बोलला. "हौसा, झालं गेलं इसर. नारळावर हात ठेव, अकरा मतं माजीच बोल, आनि गावाची माफी माग. चाळीस मानसं येतील मयताला. नायतर मसनवटीत जागा नाय."

"माजं एकच होतं, जनूदादा."

"मंग तुजं तू बघ."

हौसानं कुदळ घेतली आणि आपल्याच परसात खणायला लागली. खारी माती ती. वर कडक, खाली चिकट. दुपार कलली तेव्हा खड्डा गळ्याएवढा झाला. बातमी गावभर गेली होती. माणसं कुंपणापाशी येऊन उभी राहिली. बायजाबाई पदर तोंडात कोंबून उभी होती. जनूही होता.

माणूस खड्ड्यात उतरवायला खालून एक आणि वरून दोन तरी लागतात. हौसानं केरूला काठापर्यंत ओढत आणलं, स्वतः आत उतरली आणि त्याला आपल्या अंगावर ओढून घेतलं. दोघं मिळून खाली पडली, आणि वर यायला तिनं ठेवलेली मातीची पायरी त्यांच्याखाली मोडली. तिनं त्याला उताणं केलं. आता कुशीवर वळवायची गरज नव्हती. त्याचे हात छातीवर ठेवले आणि हळू आवाजात प्रार्थना म्हटली. लांबलचक नाही.

मग ती उभी राहिली आणि काठाला हात लावला. माती सुटून आली. पुन्हा लावला. पुन्हा सुटली. तिनं मान वर करून कुंपणाकडं पाहिलं, एकेकाच्या तोंडाकडं. त्यांतले दहा शोधायचे होते तिला. पण माना साऱ्यांनीच खाली घातल्या होत्या.

वरून हात द्यायला कुणी नव्हतं असं नाही. अख्खं गाव उभं होतं.