जीभबाईची चूळ

चहाच्या वखारीत सगळे तिला जीभबाई म्हणत, तेही तोंडावर. टेबलावर पेल्यांची रांग लागली की चमच्याने घोट उचलायचा, फुर्रकन ओढायचा, तोंडात घोळवून पिकदाणीत टाकायचा आणि माल पास की नापास ते सांगून मोकळं व्हायचं. दोन पेल्यांमध्ये कोमट पाण्याची चूळ. दिवसभर तेच.

एके सकाळी तिने जिभेला टोचेल इतका कडवट माल बेलाशक पास केला. थोरल्या चाखणाऱ्या काकांनी तोच माल चाखून पाहिला. मग पेला तेवढा पुन्हा तिच्यासमोर सरकवला. तिने परत चाखला. कापूस चघळल्यासारखं वाटलं. घसा तर आठवडाभर बसलेलाच होता.

हे दम्याच्या नव्या पंपाचं काम, असं तिने स्वतःच ठरवलं. त्यात स्टेरॉइड आहे हे कळल्यापासून त्या शब्दाची धास्ती होतीच. जीभ गेली तर नोकरी गेली, म्हणून तिने पंप खणात मागे सारला आणि घरात चकार शब्द काढला नाही.

पुढच्याच आठवड्यात लेकीला कडेवर घेऊन जिना चढताना ती मधल्या पायरीवर बसली. लेक तिच्या छातीला कान लावून म्हणाली, "आई, तू आत शिट्टी वाजवतेस?"

वरून नवरा कपड्यांची बादली घेऊन उतरत होता. त्याच्यापुढे मग सगळं सांगावंच लागलं.

"जीभ वाचवायला श्वास पणाला लावलास? धन्य आहे बाई तुझी," तो म्हणाला, आणि बादली तिथेच ठेवून तिला दवाखान्यात घेऊन गेला.

डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, मग बॅटरीने तोंडात पाहिलं. जिभेवर, गालांच्या आत पांढरे चट्टे. पंपानंतर चूळ भरता का, असं त्यांनी विचारलं. ती वरमली. औषध धुऊन जाईल म्हणून ती नंतर पाण्याचा घोटही घेत नसे.

"अहो, दिवसभर चुळा भरता आणि नेमकी हीच राहिली?"

औषध हवं फुप्फुसात, बाई समजावत होत्या. तोंडात उरतं त्याचा उपयोग काही नाही, उलट त्यानेच बुरशी धरते आणि आवाज बसतो. त्यांनी बुरशीवर थेंब दिले, पंपाला लावायची नळी दिली, दर खेपेला गुळण्या करून थुंकायला सांगितलं. पंप मात्र मनाने बंद करायचा नाही. चव बहुतेक एक-दोन आठवड्यांत येईल. नाही आली तर पुन्हा या.

'बहुतेक' हा शब्द घेऊन ती वखारीत गेली. मोठ्या मालाचे नमुने मांडलेले होते. रंग पाहून ठोकून देता आलं असतं. ती काकांपाशी गेली.

"काका, तूर्त माझ्या जिभेवर भरवसा ठेवू नका."

काकांनी कारण ऐकून घेतलं. तिची रांग आपल्याकडे ओढली.

"नाक तर शाबूत आहे ना? कोरडी पत्ती हुंगायला बस."

तिने ओंजळभर पत्ती नाकाशी धरली आणि श्वास ओढला. तो मध्ये थोडा अडखळला, मग आत गेला.