दारातला भोपळा

खायची वस्तू चपलांच्या स्टँडशेजारी मांडायची, हे राजश्रीचं वागणं फुलाबाईंना मुळीच पटलं नव्हतं. कतारमधल्या लुसैल शहरातल्या त्या अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये शिरलं की दाराशीच एक अरुंद टेबल होतं. किल्ल्या, बिलं, नात जियाच्या खोडरबरांचा पसारा त्यावर पडलेला असायचा. सुनेनं तो सगळा ड्रॉवरमध्ये कोंबला, वर कापडाची तांबडी-पिवळी पानं पसरली, जाड मेणबत्त्या ठेवल्या आणि मधोमध चांगला तीन किलोचा तांबडा भोपळा बसवला.

“ऑटम आहे ना, आई. पानगळ.”

“पानगळ?” फुलाबाईंनी खिडकीकडं हात केला. खाली खजुरी हिरव्यागार उभ्या होत्या, आणि ऑक्टोबर लागला तरी उन्हानं काच तापली होती. “एक पान गळलेलं दाखव मला. गळतोय तो माणसांचा घाम.”

राजश्री हसली, फोटो काढला आणि ऑफिसला गेली. जिया शाळेला. तिला मराठी समजायची, पण उत्तर इंग्रजीत. म्हणजे आपणच बोलायचं नि आपणच ऐकायचं.

घर रिकामं झालं की फुलाबाई खुर्ची ओढून त्या टेबलापाशी बसायच्या. भोपळ्याला टिचकी मारून बघायच्या. वीस-पंचवीस घारगे सहज होतील. धनाजीला ते कढईतून काढल्या काढल्या लागतात. धनाजी त्यांचा लेक, अल रुवैसला बंदराच्या कामावर फोरमन. आठवडाभर कंपनीच्या कॅम्पात राहायचा, शुक्रवारची सुट्टी म्हणून गुरुवारी संध्याकाळी घरी यायचा. म्हणजे यायचं ठरलं होतं. गेले तीन गुरुवार आला नव्हता.

आणि तो आल्याशिवाय भोपळा चिरता येणार नव्हता. अख्ख्या भोपळ्यावर पहिला घाव गड्यानं घालायचा, बाईनं नाही. ही रीत फुलाबाईंनी जन्मात मोडली नव्हती. मालक होते तोवर हाक मारली की गोठ्यातून हात धुऊन यायचे, एक घाव घालायचे नि परत जायचे. ते गेल्यावर शेजारचा जालिंदर यायचा. इथं शेजारच्या दाराआड कोण राहतं, तेही ठाऊक नव्हतं.

बुधवारी भोपळ्याचं बूड बोटाला मऊ लागलं. गुरुवारी दुपारी धनाजीचा फोन आला.

“आई, या आठवड्यात पण जमत नाही गं. शिपमेंट आलंय. पुढच्या गुरुवारी, इन्शाल्ला.”

“देवाचं नाव पुढं करू नगंस. येत नाही म्हण.”

फोन ठेवून त्या बराच वेळ मांडीवर सुरी घेऊन बसल्या. खालच्या वॉचमनला बोलवावं, असं एकदा मनात आलं. पण त्याला मोडक्या हिंदीत सांगायचं काय? घरात गडी नाही, तेवढा घाव घालून जा? जीभ रेटेना.

शेवटी त्यांनी भोपळा उचलून ओट्यावर ठेवला, डोळे मिटले आणि सुरी दाबली. करकर करत तो फुटला. काहीतरी होईल, याची भीती होती. काहीच झालं नाही, आणि त्याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं.

संध्याकाळी राजश्री आली ती दारातच थबकली. “आई, भोपळा?”

“नासत होता. घारगे केलेत. हात धू.”

“कापला? म्हणजे हे आले?” तिचा चेहरा उजळला, मान आत वळली.

“मी कापला.”

राजश्रीला रीत माहीत होती. ती चपला न काढताच टेबलाला टेकून उभी राहिली. “त्यांच्यासाठीच मांडलं होतं हो सगळं. दार उघडल्या उघडल्या घरी आल्यासारखं वाटावं म्हणून.”

फुलाबाईंनी कापडाचं एक पान उचललं, उलटंपालटं केलं, परत ठेवलं.

“मांडणी बरी आहे तुझी, नाही म्हणत नाही. पण राजश्री, जो येत नाही त्याच्यासाठी दार सजवलंस, आणि दाराच्या आत दिवसभर बसलेल्या माणसाशी दोन शब्द बोलली नाहीस. तुझं चुकलं.”