कोपऱ्यातलं बटण

मी डबा बोलतोय. जेवणाचा नव्हे, ठेक्याचा. अंगावर चार ओळींत रबराची चौकोनी बटणं, वर बोटभर पडदा, मागे एक खटका आणि आत आवाज साठवायला थोडीशी जागा. कारखान्यात माझं नाव चांगलं लांबलचक होतं, अक्षरं आणि आकडे मिळून. पण ज्या घरात मी नांदलो तिथं सगळे मला डबाच म्हणतात. मीही आता त्याच नावाला ओ देतो, म्हणजे बोलता आलं असतं तर दिली असती.

माझं काम सोपं आहे. कुठलाही आवाज माझ्यात भरा, हवा तेवढा तुकडा कापा, एका बटणावर ठेवा आणि बोटानं दाबा. दाराची कडी, कुणाचा खोकला, जुन्या गाण्यातली ढोलाची एकच थाप. इकडचा तुकडा तिकडे जोडून हिपहॉपवाली मंडळी त्याचा ठेका करतात आणि त्या ठेक्यावर बोलतात.

पण माझ्यात एक खोट आहे. चालू असेपर्यंतच मला सगळं आठवतं. खटका बंद केला की पाटी कोरी. आवाज जपून ठेवायची चकती घालायला माझ्या पोटाशी एक खाच होती, ती पहिल्या मालकानं मला आपटून मोडली आणि मग माझ्याच नावानं बोटं मोडत मला कवडीमोलानं विकून टाकलं.

मग तुला एवढं सगळं आठवतं कसं, असं तुम्ही विचाराल. पोटात भरलेले आवाज आठवत नाहीत हो. बाहेर कानावर पडलेलं आठवतं, आणि बोटं आठवतात. रबर बोटांनी झिजतं, आणि ती झीज पुसायला खटका नसतो.

मला विकत घेतलं ते एका शिंप्याच्या मुलीनं. शिंपीदादांना सगळा रस्ता मास्तर म्हणायचा. मुलीला तिचे दोस्त कात्री म्हणायचे, एक तर बापाच्या धंद्यावरून, आणि दुसरं तिच्या जिभेवरून. दुकानामागच्या खोलीत, अस्तराच्या कापडाच्या गठ्ठ्याशेजारी मला जागा मिळाली.

पहिल्याच दिवशी तिनं सकाळपासून खपून एक ठेका बांधला आणि संध्याकाळी खटका बंद केला. माझी खोट तिला ठाऊक नव्हती. पुन्हा चालू केलं तर आत ठणठण गोपाळ.

"गेलं सगळं," ती म्हणाली आणि चक्क रडायला लागली.

मास्तर काजं करत होते. "कपडा शिवून झाला की खडूची रेघ मी ठेवतो का? पुसतोच ना. हात राहतो. तुझा हात कुठं गेलाय?"

"ती रेघ नव्हती बाबा, गाणं होतं."

"मग उद्या ते जास्त चांगलं येईल. नाही आलं, तर ते गाणं नव्हतंच."

ज्याचं काही गेलेलं नसतं त्याला शहाणपण सुचायला वेळ लागत नाही, असं मला तेव्हा वाटलं. पण दुसऱ्या दिवशी ठेका खरंच जास्त चांगला आला.

मास्तर रोज दुकान उघडण्याआधी डोळे मिटून बसायचे. श्वास आत येतो, बाहेर जातो, तेवढंच बघायचे. लवकर आलेल्या गिऱ्हाइकांना वाटे, म्हाताऱ्याला डुलकी लागली. सगळं येतं तसं जातं, मुठीत धरू नये, असं सांगणारी जुनी पातळ पुस्तकं त्यांच्या कपाटात होती. पण ते पुस्तकातलं कधी बोलायचे नाहीत. शिवणातलं बोलायचे.

"खिसा म्हणजे काय सांग," ते एकदा मुलीला म्हणाले. "दोन कापडांमधलं काहीच नाही. ते काहीच नाही मी नीट शिवतो, म्हणून तर लोक माझ्याकडे येतात. ठासून भरलेल्या खिशात हात जातो का?"

तिनं त्या दिवशी ठेक्यातली एक थाप काढून टाकली आणि तिथं नुसती जागा ठेवली. तिचा नाचणारा दोस्त होता, डोक्यावर उभा राहून भोवऱ्यासारखा फिरायचा. त्याला सगळे गिरकी म्हणत. दिवसा तो घरोघर पार्सलं पोचवायचा. त्या मोकळ्या जागेत त्यानं अशी काही गिरकी घेतली की दुकानातल्या गिऱ्हाइकानंही माप द्यायचं सोडून मागे डोकावून बघितलं.

तेव्हापासून घरात एक रीत पडली. गाणं पुरं झालं की कात्री ते एका दमात संगणकावर उतरवून घ्यायची. पण रोजचं काम, अर्धंमुर्धं, चुकलेलं, साधलेलं, सगळं संध्याकाळी सोडून द्यायचं. मास्तर हात धुऊन यायचे.

"झालं?"

"झालं."

आणि ते मागचा खटका दाबायचे. गिरकीला तर ही रीत फारच आवडली. "भरलेला डबा रात्रभर ठेवला की नासतो," असं तो नव्या पोरांना गंभीर चेहऱ्यानं सांगायचा.

मग ती सकाळ आली. कात्री मोठ्या कार्यक्रमासाठी परगावी गेली होती. मास्तरांनी डोळे मिटून बसणं उरकलं आणि दुकानात जायच्या ऐवजी ते माझ्यापुढे येऊन बसले. आजवर त्यांनी खटक्याखेरीज माझ्या कशालाच हात लावला नव्हता. पण बघून बघून शिकले होते. बोटांना खडू लागलेला होता. त्यांनी मला चालू केलं, माइक तोंडाशी धरला, दोनदा घसा खाकरला आणि एक वाक्य बोलले. ते कापलं. शेवटच्या ओळीतल्या कोपऱ्यातल्या बटणावर ठेवलं. ते बटण अडकायचं, म्हणून कात्री ते कधी वापरत नसे. मास्तरांनी ते एकदा दाबून ऐकलं आणि लाजल्यासारखे हसले. मग मला तसाच चालू ठेवून दुकानात गेले.

दुपारी कापड बेतता बेतता ते खाली कोसळले. शेजारच्या चष्मेवाल्यानं त्यांना दवाखान्यात नेलं. कात्री परगावाहून थेट तिकडेच धावली आणि घरून कपडे आणायला तिनं गिरकीला किल्ली दिली.

गिरकी खोलीत आला तेव्हा त्याचे डोळे सुजलेले होते. त्यानं पिशवीत कपडे भरले, आणि जाता जाता त्याला माझा दिवा दिसला.

"मास्तर नाहीत म्हणून काय झालं," तो स्वतःशीच म्हणाला. "त्यांची रीत मोडायची नाही."

मी काय करणार होतो? कुणी बटण दाबल्याशिवाय मला ब्र काढता येत नाही. कोपऱ्यातलं एक बटण, गिरक्या, एकदाच दाब. तो माझ्यावरून मायेनं हात फिरवत होता, आणि त्याच हातानं त्यानं खटका दाबला.

मास्तर घरी आले ते वाचा गमावून. उजवी बाजूही गेली होती. समजत सगळं होतं, हसायलाही यायचं, पण शब्द म्हणून फुटत नव्हता. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी डाव्या हातानं माझ्याकडे खूण केली. कात्रीनं मला त्यांच्या मांडीवर ठेवून चालू केलं. त्यांनी कोपऱ्यातलं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग तिच्याकडे बघितलं.

"बाबा, तुम्ही यात काही ठेवलं होतं?"

त्यांनी मान डोलावली.

"माझ्यासाठी?"

पुन्हा मान डोलावली. गिरकी फळांची पिशवी घेऊन दारात उभा होता.

"दिवा चालू होता," तो म्हणाला. "मीच बंद केला. मला वाटलं..."

"काय वाटलं?"

"मास्तरांची रीत."

ती त्याच्यावर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती बापाकडे वळून म्हणाली, "हात राहतो म्हणायचात ना? आता हात तरी राहिला का?" आणि माझ्यावर अस्तराचं कापड टाकून निघून गेली. गिरकीनंही तोंड दाखवणं सोडलं.

तिच्या फोनमध्ये मास्तरांचा आवाज होता, नाही असं नाही. येताना काळा दोरा आण. जेवलीस का. किल्ली कुठं ठेवलीस. ती ते ऐकत बसायची. कापडाखालून मलाही ऐकू यायचं, आणि माझ्याच पोटात येऊन गेलेलं मात्र मला सांगता येत नव्हतं.

मास्तरांच्या डाव्या हाताच्या बोटाला एक चाळा लागला होता. खाटेच्या कडेवर ते टकटक करायचे. दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं होतं, अशा आजारात होतं असं. पण कात्री ठेक्यावर वाढलेली. एके दिवशी ताट उचलता उचलता ती थांबली. टकटक रोज तीच होती. काही थापा लांब, काही आखूड, मध्ये एक थांबणं आणि मग शेवटची एकच. माणूस एखादं वाक्य बोलतो तशी.

तिनं माझ्यावरचं कापड काढलं. कोपऱ्यातल्या बटणावर एक साधा ढब्ब आवाज ठेवला आणि त्यावर बापाचं बोट ठेवलं. मास्तरांनी वाक्य वाजवलं. शब्द गेले होते, चाल तेवढी उरली होती.

तेव्हापासून ती रोज संध्याकाळी बसते. ते वाजवतात आणि ती त्या चालीवर शब्द बसवून बघते. "दुकान सांभाळ, मला नको शोधू." मास्तर मान हलवतात, नाही. "गॅस बंद केलास का, बघून ये." यावर ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, पण नाहीच. एका वाक्यावरून दुसरं निघतं, दुसऱ्यावरून कडवं. मग तिचे दोस्त ऐकायला जमू लागले. असं गाणं तिनं आधी कधी केलं नव्हतं, असं ते म्हणतात. एका संध्याकाळी गिरकी उंबऱ्याशी खाली मान घालून बसलेला दिसला. मास्तरांनी डाव्या हातानं त्याला बोलावलं आणि जमिनीकडे बोट दाखवलं. तो रडत रडतच नाचला.

शेवटी मास्तर तिच्याकडे बघतात. ती म्हणते, "झालं." आणि ते डाव्या हातानं चाचपडत माझा खटका दाबतात. तिनं कितीदा विनवलं, आजचं तरी राहू द्या. पण ते ऐकत नाहीत.

आता मी थकलोय. पडद्यावरची अक्षरं पुसट झाली आहेत, कोपऱ्यातलं रबर फाटत आलंय, आणि माझे सुटे भाग आता मिळत नाहीत असं दुरुस्तीवाला म्हणाला. मास्तरांचं बोटही हलकं पडत चाललंय. आमच्यात आधी कोण जाईल ते सांगता येत नाही.

पण जायच्या आधी मला एक सांगायचंय, आणि जिला सांगायला हवं तिला सांगता येत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

मागे एका संध्याकाळी ती फार दमून आली होती. यमक नाही, काही नाही, माइक हातात होता, त्यातच त्या चालीवर सहज काहीतरी बोलून गेली. आणि मास्तरांचं बोट माझ्यावर थांबलं. जड झालं. इतकी वर्षं बोटं ओळखतोय मी, ते बोट खोटं बोलत नव्हतं.

"हेच का, बाबा?" ती म्हणाली.

मास्तरांनी तिच्याकडे बघितलं. मग मान हलवली. नाही. आणि हात खटक्याकडे नेला.

त्यांनी असं का केलं? मला वाटतं, हो म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी ती माझ्यापुढे कशाला बसली असती? कदाचित म्हाताऱ्याच्या मनात आणखी काही असेल. मी आपला डबा.

ती ओळ कोणती होती, ते मात्र मला विचारू नका. खटक्याबरोबर तीही गेली. बोट तेवढं आठवतं. बापानं ठेवलेलं वाक्य तिच्या तोंडून कधीच येऊन गेलंय, आणि ती उद्या संध्याकाळी पुन्हा ते शोधायला बसणार आहे.